खाडीचा गाळ श्वास कशावर घेतो? विनॉक्सी श्वसनावर रसायनांचा परिणाम बाटलीत पाहण्याची पद्धत

माहीमच्या खाडीजवळून लोकल जाते तेव्हा डब्यातले लोक नाकाला रुमाल लावतात. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. खालच्या गाळात असंख्य जीवाणू ऑक्सिजनविना श्वास घेत असतात आणि हा वायू त्यांच्या उच्छ्वासासारखा बाहेर पडतो. मी मुंबईतल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते. दरवर्षी दोन-तीन मुलं प्रकल्पासाठी हाच विषय मागतात: रसायनांचा जीवाणूंच्या विनॉक्सी श्वसनावर काय परिणाम होतो? विषय चांगला आहे. पण बहुतेक जण एक रसायन टाकतात, वास गेला की 'जीवाणू मेले' असं लिहून मोकळे होतात, आणि तिथेच प्रकल्प बिघडतो. म्हणून गाळ आणण्यापासून बाटल्यांची विल्हेवाट लावण्यापर्यंत मी हे काम कसं करून घेते ते इथे लिहिते आहे.

आधी डोक्यात एवढं पक्कं हवं

विनॉक्सी श्वसन आणि किण्वन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इडलीचं पीठ फुगतं ते किण्वनाने. तिथे इलेक्ट्रॉन बाहेरच्या कोणाला द्यावे लागत नाहीत, अन्नाच्याच तुकड्यांवर ते परत टाकले जातात. श्वसनात मात्र अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन पेशीच्या पटलातल्या साखळीवरून सरकत जातात आणि शेवटी कोणाला तरी सोपवावे लागतात. आपल्या शरीरात तो 'कोणी' म्हणजे ऑक्सिजन. गाळात ऑक्सिजन नसतो, म्हणून जीवाणू नायट्रेट, मँगनीज, लोह, सल्फेट यांच्याकडे वळतात आणि सगळ्यात शेवटी कार्बन डायऑक्साइडकडे. (शेवटचं काम करणारे मिथेनजनक हे खरं तर आर्किया गटातले, जीवाणू नव्हेत. प्रकल्पात हे नीट लिहा.)

हा क्रम ठरतो ऊर्जेवर. सामू ७ असताना ऑक्सिजनचं प्रमाण विभव (स्टँडर्ड पोटेन्शियल, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ताकद) सुमारे +८२० मिलिव्होल्ट असतं, नायट्रेटपासून नायट्राइटचं +४२०, सल्फेटपासून सल्फाइडचं −२२० आणि कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनचं −२४०. जितकं वर, तितकी त्याच अन्नातून जास्त ऊर्जा. लोहाचा आकडा मी मुद्दाम दिला नाही, कारण लोह कोणत्या रूपात आहे त्यावर तो बराच हलतो.

आता रसायनांकडे वळू. गाळात टाकलेलं रसायन चार प्रकारे काम करू शकतं. ते स्वतःच इलेक्ट्रॉन घेणारं होतं, म्हणजे जीवाणूंना श्वासासाठी नवी वाट मिळते. किंवा ते खऱ्या रेणूसारखं दिसून विकराला (एन्झाइमला) फसवतं. किंवा विकराला लागणारा धातू हिरावून घेतं. किंवा साखळीच तोडतं. चारही वेळा वरून एकच दिसतं: वास कमी झाला. कोणत्या कारणाने झाला ते शोधणं म्हणजेच हा प्रकल्प.

गाळ आणणं

तिवरांच्या रानातून गाळ आणू नका. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि ठाणे खाडीचा रोहित पक्ष्यांचा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे. एखाद्या कोळीवाड्याच्या धक्क्याजवळ तिथल्या माणसांना विचारून, ओहोटीला, उघड्या किनाऱ्यावरचा गाळ घ्या. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त मागे जातं, भांगाच्या दिवसांत तेवढं नाही. कधी जायचं, कुठे पाय रुततो, पाणी कोणत्या बाजूने आधी भरतं, हे कोळी बांधवांना विचारा आणि ते सांगतील तेच करा. एकट्याने जायचं नाही. लांब रबरी हातमोजे हवेत, पायाला जखम असेल तर गाळात उतरायचं नाही.

वरचा दीड-दोन सेंटिमीटरचा तपकिरी थर बाजूला सारा. त्याला हवा लागलेली असते. त्याखालचा काळा गाळ रुंद तोंडाच्या डब्यात काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. सोबत त्याच जागेचं चार लिटर पाणी घ्या.

सगळा गाळ एकाच दिवशी आणा. पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी उतरतं आणि त्याबरोबर सल्फेटही पातळ होतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे २.७ ग्रॅम म्हणजे २८ मिलीमोलर सल्फेट असतं. जुलैत आणलेला गाळ आणि डिसेंबरात आणलेला गाळ यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

गोड्या पाण्याचा गाळही सोबत तपासता आला तर फार छान. तिथे सल्फेट कमी असतं, त्यामुळे मिथेनजनकांना वाव मिळतो. शास्त्रज्ञ व्होल्टाने १७७६ मध्ये इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठचा गाळ ढवळून जो जळणारा वायू गोळा केला, तो हाच मिथेन. आपल्या शहराचंही या वायूशी जुनं नातं आहे. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून वायू काढून दिवे लावल्याची नोंद आहे. गोड्या गाळासाठी मुलं हमखास पवई तलावाचं नाव घेतात. तिथे मगरी आहेत, तेव्हा काठावरही उतरू नका. कॉलेजच्या बागेतल्या कमळाच्या टाक्याच्या तळाचा गाळ पुरतो.

बाटल्या भरणं

सामान प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतं. रबरी बूच आणि ॲल्युमिनियमची टोपी असलेल्या १०० मिलीलिटरच्या काचेच्या बाटल्या घ्या, त्यासोबत २० मिलीलिटरच्या सिरिंज आणि २२ गेजच्या सुया. रसायनं कॉलेजच्या नावाने मागवा.

आणलेलं पाणी दहा मिनिटं उकळा, झाकून गार करा. उकळल्याने त्यातला ऑक्सिजन बराच जातो. एक भाग गाळ आणि चार भाग पाणी मिसळून शंखशिंपले जाड चाळणीतून काढा. हे हलक्या हाताने आणि लवकर उरका, उगाच घुसळत बसू नका.

प्रत्येक रसायनाचं १ मोलर द्रावण आधी करून ठेवा, म्हणजे नंतर मोजमाप सोपं जातं. १०० मिलीलिटर पाण्यात पोटॅशियम नायट्रेट १०.१ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ७.५ ग्रॅम, सोडियम मॉलिब्डेट (दोन रेणू पाणी असलेलं) २४.२ ग्रॅम, सोडियम नायट्राइट ६.९ ग्रॅम, आणि सोडियम लॅक्टेटचा ६० टक्क्यांचा पाक १८.७ ग्रॅम. लॅक्टेट म्हणजे जीवाणूंचं जेवण. ते दिलं नाही तर सगळं फार संथ चालतं.

आता सात प्रकारच्या बाटल्या भरा:

१. नुसता गाळ.
२. गाळ आणि १ मिलीलिटर लॅक्टेट. इथून पुढच्या प्रत्येक बाटलीत लॅक्टेट आहेच.
३. लॅक्टेट आणि १ मिलीलिटर नायट्रेट, पण गाळातले जीवाणू आधी मारलेले.
४. लॅक्टेट आणि १ मिलीलिटर नायट्रेट (१० मिलीमोलर).
५. लॅक्टेट आणि १ मिलीलिटर पोटॅशियम क्लोराइड.
६. लॅक्टेट आणि २ मिलीलिटर मॉलिब्डेट (२० मिलीमोलर).
७. लॅक्टेट आणि ०.२ मिलीलिटर नायट्राइट (२ मिलीमोलर).

प्रत्येकीच्या चार बाटल्या करा. दोन फक्त वायू मोजायला, त्यांना मध्ये सुई टोचायची नाही. उरलेल्या दोन नमुने काढायला. बाटली काठोकाठ भरा. बूच लावताना त्यात एक सुई घालून ठेवा, म्हणजे जास्तीचं पाणी आणि हवेचा बुडबुडा बाहेर जाईल. वायूच्या बाटल्यांना गाळ खाली बसल्यावर सिरिंज जोडा. दट्ट्या आधी पाण्याने ओला करून तळापर्यंत दाबलेला असू द्या.

पाचव्या बाटलीवर मुलं कुरकुर करतात. पोटॅशियम क्लोराइड कशाला? नायट्रेट देताना तुम्ही पोटॅशियमही देता, म्हणून. वास गेला तो नायट्रेटने की पोटॅशियमने, हे या बाटलीशिवाय सांगता येत नाही. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न येतो. मॉलिब्डेटबरोबर सोडियम जातं, पण समुद्राच्या पाण्यात ते आधीच इतकं असतं की थोड्या भरीने फरक पडत नाही. गोड्या पाण्याच्या गाळात मात्र पडतो, तिथे मीठ घातलेली वेगळी बाटली लागेल. खरं काम कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, बाटल्यांतच आहे, असं मी मनापासून मानते. त्यांचीच काटकसर होते याचं दरवर्षी वाईट वाटतं.

तिसऱ्या बाटलीतला गाळ मारायचा कसा? ऑटोक्लेव्हमध्ये (प्रयोगशाळेतल्या प्रेशर कुकरमध्ये) १२१ अंश, १५ पौंड दाब, अर्धा तास, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. एका वर्षी आम्ही एकदाच ऑटोक्लेव्ह केलं. सहाव्या दिवशी 'मेलेल्या' बाटलीतून सल्फाइड येऊ लागलं आणि सगळा संच पुन्हा भरावा लागला. गाळात बीजाणू करणारे जीवाणू असतात आणि दाट गाळात उष्णता आतपर्यंत पोचायला वेळ लागतो. मधल्या दिवशी उरलेले बीजाणू अंकुरतात, मग दुसऱ्या फेरीत ते मरतात.

बाटल्या काळ्या कागदात गुंडाळून बंद कपाटात ठेवा. उजेड मिळाला तर जांभळे गंधक-जीवाणू वाढतात आणि तयार झालेलं सल्फाइड वापरून टाकतात. मुंबईत खोलीचं तापमानच २८ ते ३२ अंश असतं, त्यामुळे इन्क्युबेटर लागत नाही. एसी दिवसा चालू आणि रात्री बंद असलेली खोली मात्र टाळा.

मोजणं

सुरुवातीला, मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी नमुना घ्या. सिरिंजने वरचं निवळ पाणी २ मिलीलिटर काढा आणि तेवढंच उकळून गार केलेलं समुद्राचं पाणी आत सोडा, सगळ्या बाटल्यांत सारखंच.

नायट्राइटसाठी ग्रीसची चाचणी: सल्फॅनिलॲमाइड आणि नॅफ्थिल इथिलीनडायअमाइन टाकल्यावर गुलाबी रंग आला तर नायट्राइट आहे. पूर्वी वापरायचे ते अल्फा नॅफ्थिलअमाइन अजून काही कपाटांत असतं. ते वापरू नका, त्याच्याबद्दल कर्करोगाची शंका आहे. सल्फाइड या चाचणीत लुडबुड करतं, म्हणून आधी झिंक ॲसिटेटचे दोन थेंब टाकून ते खाली बसवा आणि गाळून घ्या. रंग आला नाही तर लगेच 'नायट्राइट नाही, म्हणजे काही घडलंच नाही' असं लिहू नका. चिमूटभर झिंकची पूड टाका. आता गुलाबी झालं तर नायट्रेट तसंच पडून आहे. तरीही रंग नाही, तर नायट्रेट आणि नायट्राइट दोन्ही संपले आणि जीवाणू पुढे गेले. पहिल्या दिवशी आणि सातव्या दिवशी दोन्हीकडे 'रंग नाही' लिहिलेलं असतं, पण दोन्हींचा अर्थ अगदी उलट असू शकतो.

सल्फाइड मोजताना मुंबईचा गाळ दगा देतो. आपण दख्खनच्या काळ्या पाषाणावर राहतो. बेसॉल्टमध्ये लोह भरपूर, म्हणून गाळातही लोह भरपूर. तयार झालेलं सल्फाइड त्या लोहाला चिकटून काळं आयर्न सल्फाइड बनतं. म्हणजे वास नसला तरी सल्फेटवरचं श्वसन जोरात चालू असू शकतं. त्यामुळे दोन मापं घ्या. निवळ पाण्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून तोंडावर धरलेला लेड ॲसिटेटचा कागद काळा पडतो का, हे विरघळलेलं सल्फाइड. दुसऱ्या नळीत बाटली हलवून काढलेल्या गढूळ नमुन्यावर हेच केलं, की लोहाला चिकटलेलंही सुटतं. सुरुवातीचा गाळही या दुसऱ्या मापात कागद काळा करेलच, म्हणून तुलना नेहमी शून्य दिवसाशी करा. कलरिमीटर (रंगाची तीव्रता मोजणारं यंत्र) असेल तर मिथिलीन ब्ल्यू पद्धतीने आकडे काढा, कागदाच्या छटांपेक्षा ते कितीतरी भरवशाचे.

हे काम धूर ओढणाऱ्या कपाटातच करा, आणि बाटलीला नाक लावून वास कधीही घेऊ नका. हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडं असताना नाकाला कळतं, पण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेलं की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटतं वास गेला, आणि तो खाली उतरतो. मॅनहोलमध्ये माणसं अशीच दगावतात. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धचा आणि अशा उतरण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, तरी माणसं अजून उतरवली जातात. माझ्या प्रत्येक तुकडीला मी हे बाटली उघडण्याआधी सांगते.

काय दिसेल, आणि त्याचा अर्थ

नायट्रेटच्या बाटलीत साधारण पहिल्या दोन-तीन दिवसांत बुडबुडे दिसू लागतात. गुलाबी रंग चढतो आणि मग उतरतो. हिशोब आधीच करून ठेवा: १०० मिलीलिटरमध्ये १ मिलीमोल नायट्रेट दिलं, त्या सगळ्याचा नायट्रोजन वायू झाला तर अर्धा मिलीमोल, म्हणजे ३० अंशाला सुमारे १२ मिलीलिटर. सिरिंजवर त्याहून कमी दिसेल. थोडा वायू पाण्यात विरघळतो, आणि काही जीवाणू नायट्रेटचा वायू न करता थेट अमोनियम करतात. तिसऱ्या बाटलीत बुडबुडे आले नाहीत तर हे काम सजीवांचंच, हे सिद्ध झालं.

आता खरा प्रश्न. या बाटलीत सल्फाइड का थांबलं? तीन कारणं असू शकतात, आणि बहुधा तिन्ही थोडीथोडी असतात. पहिलं, नायट्रेटवर जगणाऱ्यांना जास्त ऊर्जा मिळते, ते लॅक्टेट आधी फस्त करतात. दुसरं, मधे तयार होणारं नायट्राइट सल्फेट-श्वसनाच्या शेवटच्या टप्प्यातल्या सल्फाइट रिडक्टेज या विकराला अडवतं. तिसरं, काही जीवाणू नायट्रेटच्या जोरावर सल्फाइडच खातात. सातवी बाटली दुसऱ्या कारणासाठीच आहे: नायट्रेट न देता थोडंसं नायट्राइट देऊनही सल्फाइड थांबलं, तर नायट्राइटचा हात आहे. चौथ्या बाटलीत आधीचा काळा गाळ राखाडी किंवा तपकिरी होऊ लागला, तर तिसरं कारण चालू आहे, कारण आधीपासून साठलेलं सल्फाइडही कमी होत आहे.

मॉलिब्डेटची गोष्ट माझी सगळ्यात आवडती. सल्फेटचा श्वास घेण्याआधी जीवाणूला एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं नाणं) खर्चून त्याला तयार करावं लागतं. मॉलिब्डेटचा आकार सल्फेटसारखा. विकर त्यालाच उचलतं, एटीपी खर्च करतं, पण तयार झालेला रेणू टिकत नाही, लगेच तुटतो. तिकीट काढावं आणि ते हातात पडताच विरघळून जावं, पुन्हा पैसे, पुन्हा तेच. पेशी खर्चानेच रिती होते. म्हणून मॉलिब्डेट मुख्यतः सल्फेट-श्वसन करणाऱ्यांनाच अडवतं, बाकीचे चालू राहतात. खाडीच्या पाण्यात सल्फेट भरपूर, म्हणून मॉलिब्डेटही २० मिलीमोलर द्यावं लागतं. सल्फेटवाले जागेवरून हटले की हायड्रोजन आणि ॲसिटेटवर मिथेनजनकांना हक्क सांगता येतो. म्हणून सहाव्या बाटलीतल्या सिरिंजमध्ये उशिरा वायू जमू लागला तर दचकू नका.

गंमत अशी की नायट्रेट रिडक्टेजला काम करण्यासाठी मॉलिब्डेनमच लागतं, फक्त हजारपट कमी, मायक्रोमोलरमध्ये. तेच रसायन एका मात्रेत एकाचा श्वास चालवतं, दुसऱ्या मात्रेत दुसऱ्याचा अडवतं. मॉलिब्डेनमच्या जागी टंगस्टन बसलं तर नायट्रेट रिडक्टेज सहसा निकामी होतं. क्लोरेट नायट्रेटसारखं आत घेतलं जातं आणि त्याचं विषारी क्लोराइट होतं. नायट्रस ऑक्साइडचा नायट्रोजन करणाऱ्या विकराला तांबं लागतं, आणि ॲसिटिलीन ते विकर बंद पाडतं.

साखळी तोडणारी ॲझाइड आणि सायनाइड ही नावं पुस्तकात वाचा, पण मागवू नका. ती जीवघेणी आहेत, आणि ॲझाइड तर शिशाच्या किंवा तांब्याच्या नळात गेलं की स्फोटक संयुगं बनवतं.

लोहाची आठवी बाटली हौस असेल तर करा. फेरिक क्लोराइडचं द्रावण सोडियम हायड्रॉक्साइडने सामू ७ वर आणलं की तपकिरी लगदा बसतो. तो तीन-चार वेळा धुऊन वापरा. कपाटाच्या बिजागरीचा जुना गंज घातला तर जीवाणू त्याला सावकाश कुरतडतात, कारण तो घट्ट स्फटिकांचा असतो. इथेही तोच पेच आहे: लोह श्वासासाठी वापरलं गेलं की त्याने नुसतं सल्फाइड धरून ठेवलं? विरघळलेलं आणि एकूण सल्फाइड, दोन्ही मापं असतील तर उत्तर मिळतं. एकूणही घटलं तर श्वास बदलला, फक्त विरघळलेलं घटलं तर सल्फाइड लोहात अडकलं.

शेवटी बाटल्यांचं काय

यात आम्ल ओतायचं नाही, सगळं साठलेलं सल्फाइड एकदम बाहेर येईल. आधी फेरिक क्लोराइड घालून सल्फाइड बांधून टाका, मग ऑटोक्लेव्ह करा. मॉलिब्डेटच्या बाटल्या, झिंकचे गाळणकागद आणि शिशाचे कागद प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात वेगळे द्या, बेसिनमध्ये नाही.

चौथ्या प्रकारातली नमुन्याची एक बाटली मात्र चौदाव्या दिवशी फेकू नका. तिच्यात आणखी १ मिलीलिटर लॅक्टेट घाला आणि कपाटात राहू द्या. झिंक टाकूनही गुलाबी रंग येईनासा झाला, म्हणजे नायट्रेट पूर्ण संपलं, की काही दिवसांत राखाडी गाळ तळापासून पुन्हा काळा होऊ लागेल. सल्फेटवाले मेले नव्हते. 'वास गेला, जीवाणू मेले' असं लिहिणाऱ्या मुलाला मी काही न बोलता ही बाटली दाखवते.